जुन्या घराच्या बाल्कांवाचा रंग

गोव्यातील जुन्या घराच्या दर्शनी भागी, पायऱ्या चढून वर येताच जो कौलारू छपराचा व दोहों अंगांस बांधीव बैठका असलेला मोकळा भाग लागतो, त्यास बाल्कांव म्हणतात. संध्याकाळी घरातील वडील माणसे येथे बसतात, रस्त्याने जाणारा येथूनच हाक देतो, पोस्टमन येथेच थांबतो. हिंदू कुटुंबांच्या राजांगणाच्या घरांत हेच काम बऱ्याच अंशी सोपा करतो. घराचा हा भाग सर्वांच्या दृष्टीस प्रथम पडतो. ऊन, पाऊस व रस्त्यावरची धूळही प्रथम त्यालाच सोसावी लागते. साहजिकच पावसाळा ओसरून रंगकामाचे दिवस आले की, बाल्कांवाला यंदा कोणता रंग द्यावा, हा प्रश्न घरोघर निघतो.

अलीकडे या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या दुकानात, शेडकार्ड उलगडून शोधण्याची रीत पडली आहे. शेकडो छटांतून एक पसंत करावयाची, यंत्राने ती डब्यात मिसळून घ्यावयाची आणि रंगाऱ्याच्या स्वाधीन करावयाची. सिमेंटच्या नव्या घरास ही रीत चालून जाते. जुन्या घरास मात्र ती अपायकारक ठरू शकते. कारण तेथे छटेच्या आधी द्रव्याचा विचार करावा लागतो. भिंत कशाची आहे, तिच्यावर काय टिकेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कशाखाली ती भिंत टिकेल, हे एकदा ठरले की छटांचा पसारा आपोआप आटोपतो.

गोव्यातील जुन्या भिंती बहुतांशी जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या आहेत. चिरा हा सच्छिद्र दगड होय. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. पण त्याची पाणी शोषण्याची वृत्ती जात नाही. जुन्या बांधकामात पायाशी ओल अडविणारा थर नसल्याने जमिनीतील पाणी या छिद्रांतून भिंतीत वर चढते. शिवाय गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. थोडक्यात, जुनी भिंत चार महिने पाणी पिते व उरलेले आठ महिने ते हवेत सोडते. जुन्या कारागिरांनी तिला जो चुन्याचा गिलावा व वर चुन्याचा हात दिला, तो या येण्याजाण्याला वाट ठेवणारा होता. किनारपट्टीत हा चुना पुष्कळदा शिंपल्या भाजून केलेला असे. भिजवलेला चुना भिंतीवर लागला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीसारखा पातळ थर बनतो. हा थर घट्ट बसतो, तथापि त्यातून वाफ आरपार जाते.

गिलाव्याचे हे काम किती मोलाचे आहे, याचे सर्वांच्या डोळ्यांसमोरील उदाहरण जुने गोवे येथे आहे. युनेस्कोने १९८६ साली जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या तेथील वास्तूंपैकी बॉम जीझस बॅसिलिकेचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. तांबूस चिऱ्याचे ते उघडे रूप आता लोकांच्या इतके परिचयाचे झाले आहे की, ते मूळचेच असावे असे वाटते. पण तेव्हापासून पावसाळ्यागणिक तो चिरा झिजत आहे. आपल्या घराच्या बाल्कांवातील खांब ‘दगडी शोभा’ म्हणून खरवडून उघडे करण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनी एकदा तेथे जाऊन दगडाच्या कडा जवळून पाहाव्यात.

आता याच भिंतीवर प्लॅस्टिक रंग किंवा तैलरंग दिला तर काय होते? रंगाचा पडदा बाहेरच्या पाण्यास अडवितो खरा. पण जमिनीतून चढलेल्या पाण्यास बाहेर पडू देत नाही. ते पडद्यामागे साठते. सोबत आलेले क्षार गिलाव्यातच स्फटिकरूप धारण करतात, भिंतीस लोणा लागतो, आधी फुगे येतात, मग पोपडे सुटतात आणि सुटताना रंगाबरोबर गिलाव्याचा थरही घेऊन जातात. गृहस्थ मग तो भाग सिमेंटने लिंपून घेतो. सिमेंटचा कठीण लेप ओलीला आणखी वर ढकलतो व दोन वर्षांनी तोच प्रकार हातभर उंचावर दिसू लागतो. रंगाऱ्यास दोष देण्यात अर्थ नसतो. त्याने दिलेला रंग उत्तमच असतो, फक्त तो दुसऱ्या जातीच्या भिंतीसाठी केलेला असतो.

तरीही प्लॅस्टिक रंगाची ओढ का, याचे कारण समजून घेतले पाहिजे. पूर्वी पावसाळ्यानंतर दिवाळीपूर्वी किंवा नाताळापूर्वी चुन्याचा हात देणे हे घरच्या वार्षिक कामांतले एक असे. घरात माणसे असत, चुना स्वस्त होता. आज कित्येक घरांस वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. वारसदार मुंबईस, लिस्बनला किंवा आखातात असतात. वारसाहक्काच्या आपल्या पद्धतीमुळे एकाच घराचे मालक दहा-बाराही असू शकतात, आणि खर्चाला सर्वांची संमती मिळविणे हेच एक प्रकरण होऊन बसते. अशा वेळी ‘सात वर्षे पाहावयास नको’ असे डब्यावर लिहिलेला रंग सर्वांस सोयीचा वाटतो. ही अडचण खरी आहे. पण सात वर्षे न पाहिलेल्या भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च सात वेळा दिलेल्या चुन्याहून कमी येत नाही, हेही वारसदारांच्या पत्रव्यवहारात एकदा मांडले जावे. दरवर्षी शक्य नसेल तर दोन-तीन वर्षांनी चुना द्यावा. मधल्या काळात भिंत थोडी फिकी, डागाळलेली दिसेल, एवढेच.

द्रव्य ठरले की रंगांची निवड बरीच सोपी होते, कारण चुना सगळ्या रंगांना जवळ करीत नाही. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने कित्येक रंगद्रव्ये त्याच्या संगतीत नासतात. टिकतात ती मुख्यतः मातीची व लोहाची द्रव्ये : पिवडी, गेरू, काव, हिरमिजी, तपकिरी माती, हिरवी माती, आणि काळ्यासाठी काजळी किंवा कोळशाची पूड. गोव्याची जमीन ज्या लोहाच्या संयुगांमुळे तांबडी दिसते, तीच संयुगे या पिवळ्या-तांबड्या रंगांत असतात. जुनी घरे आपल्या परिसराशी विसंगत दिसत नाहीत, याचे अर्धे श्रेय मालकाच्या अभिरुचीला असेल, पण अर्धे चुन्याच्या या हट्टाला द्यावे लागेल.

निळ्याची गोष्ट निराळी आहे. गोव्यातील घरांवर दिसणारी चकचकीत निळाई बहुधा अल्ट्रामरिनची, म्हणजे कपड्यांना देण्याच्या निळीच्या जातीची असते. हे द्रव्य पूर्वी मौल्यवान खड्यापासून काढीत व ते सोन्याच्या तोडीचे महाग असे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये ते कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले आणि मग भिंतीवर सढळ हाताने देणे परवडू लागले. ते चुन्यात टिकते. उलट प्रशियन ब्लू नावाचे दुसरे निळे द्रव्य चुन्यात पडले की विघटित होऊन तपकिरी डाग सोडते. क्रोम यलो हा पिवळा रंगही चुन्यात बिघडून नारिंगीकडे झुकतो. आणि या दोहोंच्या मिश्रणाचा हिरवा तर दोन्हीकडून फसवितो. दुकानदार ‘निळा’ किंवा ‘हिरवा’ एवढेच सांगत असेल तर चिमूटभर भुकटी चुन्याच्या निवळीत भिजवून आठवडाभर ठेवावी. रंग बदलला नाही तरच पुढे जावे. हा प्रयोग घरच्या शाळकरी मुलाकडून करवून घेता येतो.

जांभळे, भडक गुलाबी, पोपटी असे रंग चुन्यात सहसा साधत नाहीत. ते प्लॅस्टिक रंगांबरोबर आले. आज पर्यटकांच्या छायाचित्रांसाठी म्हणून कित्येक बाल्कांवांवर ते चढले आहेत आणि त्यासच ‘गोव्याचे पारंपरिक रंग’ म्हणण्याचा प्रघात पडत चालला आहे. ज्याच्या त्याच्या घराचा रंग ही ज्याची त्याची बाब असली, तरी परंपरेचे नाव घेण्यापूर्वी भिंत थोडी खरवडून पाहणे बरे.

हे खरवडून पाहणे हीच रंग निवडण्याची सर्वांत भरवशाची वाट होय. प्रत्येक वर्षीचा हात मागच्यावर बसत गेल्याने जुन्या भिंतीवर थरांची एक चोपडीच तयार झालेली असते. ऊनपावसापासून आडोसा असलेली जागा निवडावी : वळचणीखाली, खिडकीच्या उघड्या झडपेमागे, नावाच्या पाटीखाली किंवा बांधीव बैठक व भिंत यांच्या कोपऱ्यात. धारदार पात्याने एकएक थर पायरीसारखा मागे घेत जावा, म्हणजे इंचभर जागेत सर्व थर ओळीने दिसतात. पाण्याचा थेंब लावून, सकाळच्या उजेडात भिंगातून पाहावे. एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नये. भिंत, खांब, कमानीभोवतालची नक्षी व पायथ्याचा पट्टा यांचे रंग पूर्वी निरनिराळे असत. सर्वांत खालचा थर पांढरा आढळला तर तो मूळ रंगच असेल असेही नाही. तो पुढच्या रंगासाठी दिलेला पहिला हात असू शकतो.

जुनी छायाचित्रेही साह्य करतात, पण त्यांत एक खोच आहे. जुन्या काळच्या पुष्कळशा काचा व फिल्म तांबड्या प्रकाशास दाद देत नसत. त्यामुळे कावेचा तांबडा रंग छायाचित्रात जवळजवळ काळा, पिवडीचा पिवळा मळकट करडा, तर निळा जवळजवळ पांढरा उमटे. आजोबांच्या लग्नाच्या छायाचित्रात बाल्कांव पांढराशुभ्र दिसतो म्हणून तो पांढराच होता असे ठरवू नये. तो आकाशी असण्याचा संभव तेवढाच आहे.

खरवडताना एक गोष्ट मात्र प्राणपणाने सांभाळावी. गोव्यातील काही जुन्या घरांच्या व देवळांच्या भिंतींवर कावी काम असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा पातळ थर देऊन तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरावयाचा, म्हणजे खालचा पांढरा दिसून वेलबुट्टी व आकृती उमटतात, अशी ही कला. सोप्याच्या भिंतीवर चुन्याच्या थरांखाली अशी एखादी तांबडी रेघ दिसली तर पाते तेथेच थांबवावे आणि पुरातत्त्व खात्यास किंवा जाणकारास दाखवावे. त्या भिंतीवर यापुढे कोणताच रंग नको.

सापडलेला जुना रंग जसाच्या तसा परत आणलाच पाहिजे असा आग्रह प्रस्तुत लेखकाचा नाही. घर पिढ्यान्‌पिढ्या रंग बदलीत आले आहे. परंतु निवड त्या थरांपैकी एकाची असेल तर घराच्या बांधणीशी ती बहुधा जुळते. पोर्तुगीज अमदानीत निव्वळ पांढरा रंग चर्चवास्तूंसाठी राखलेला असे व घरांना रंग देऊन फक्त कडा, चौकटी व खांबांचे माथे पांढरे ठेवीत, असे परंपरेने सांगितले जाते. पणजीच्या फोंताईन्हास वस्तीत आजही हा भेद दिसतो : सेंट सेबास्टियनचे चॅपेल पांढरे आणि भोवतालची घरे पिवळी, निळी, विटकरी. भिंतीस एक रंग, कडांस पांढरा व लाकडास तिसरा, असा तीनच रंगांचा हिशेब तेथे बहुतेक ठिकाणी आढळतो. अशा संवर्धन क्षेत्रात घर असेल तर बाह्यरूपात बदल करण्यापूर्वी संबंधित कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे.

पायथ्याशी दीड-दोन फुटांचा गडद पट्टा देण्याची चाल निव्वळ शोभेची नव्हे. पागोळ्यांचे पाणी तांबड्या मातीवर आपटून भिंतीवर उडते. पट्टा विटकरी असला की ते शिंतोडे दिसत नाहीत. हा पट्टा काढून संपूर्ण भिंत एकाच फिक्या रंगाने रंगविलेली घरे जुलैतच केविलवाणी दिसू लागतात.

उजेडाचाही विचार हवा. बाल्कांव छपराच्या सावलीत असतो व समोर बहुधा माडांची, आंब्यांची हिरवाई असते. या हिरव्या सावलीत फिका निळा किंवा करडा रंग मरगळलेला दिसतो, तर पिवडी मिसळलेला चुना उबदार दिसतो. पश्चिमेचे ऊन थेट आत येत असेल तर उलट. तेथे पिवळा डोळ्यांवर येतो व निळा किंवा हिरवट रंग सुखावतो. जमीन तांबड्या ऑक्साइडची किंवा नक्षीच्या लाद्यांची असेल तर तिचा रंग बदलता येत नाही हे ध्यानी घेऊन भिंत तिच्याशी जुळवावी. नमुन्यासाठी दोन फूट लांबीरुंदीचे तीन-चार तुकडे भिंतीवरच रंगवावे, हाताच्या तळव्याएवढे नव्हे. चुन्यातील रंग ओला असताना गडद व वाळल्यावर कितीतरी फिका होतो. म्हणून चार-पाच दिवस थांबून, सकाळी, दुपारी व दिवेलागणीस पाहून मग ठरवावे. रंगद्रव्याचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे. ते वाढले की भिंतीस टेकलेल्याच्या पाठीवर रंग उमटतो. गडद तांबडी भिंत हवी असा हट्ट असेल तर ती चुन्यात साधणार नाही. तो रंग पट्ट्यापुरता ठेवावा.

लाकडाचे खांब, कठडे, झडपा व छताची पाटणी यांचा न्याय वेगळा. येथे पारदर्शक व्हार्निशचा मोह सर्वाधिक होतो, कारण सागवानाचे व फणसाचे लाकूड सुंदर दिसते. पण उन्हातील अतिनील किरण व्हार्निशमधून सरळ आत जातात, लाकडाचा वरचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर व्हार्निशही सालपटासारखे निघते. ज्या तेलात वा स्टेनमध्ये थोडे तपकिरी किंवा तांबूस रंगद्रव्य असते ते किरणांना अडविते, म्हणून अधिक टिकते. उन्हापावसाच्या तोंडचे लाकूड मध्यम गडद छटेत ठेवावे. आतल्या छतास हलकी छटा चालते. शिजविलेले जवसाचे तेल पातळ हातांनी, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन लावावे. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात. काजूच्या टरफलांचे तेल लाकडास वाळवीपासून जपते, पण ते लाकूड काळवंडविते व कातडीस भाजते. ते झाकल्या जाणाऱ्या भागांनाच, हातमोजे घालून लावावे. झडपा व कठडे पूर्वीपासून तैलरंगाने रंगविलेले असतील तर तसेच राहू द्यावे. गडद हिरवा, विटकरी व तपकिरी हे रंग जुन्या झडपांवर वारंवार आढळतात व चुन्याच्या कोणत्याही भिंतीशी जुळतात.

लाकडावरील जुना तैलरंग काढताना सावधगिरी हवी. जुन्या तैलरंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीचे थर शिसेयुक्त आहेत असे समजूनच वागावे : कोरड्या पॉलिश कागदाने घासू नये, दिव्याच्या ज्योतीने जाळू नये, पाणी लावून घासावे, खाली कापड अंथरावे आणि निघालेला रंग बागेत टाकू नये. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत घराच्या दुसऱ्या भागात ठेवावे.

भिंतीवर आधीच प्लॅस्टिक रंग असेल तर त्यावर चुना धरत नाही. सुटलेला सर्व रंग पात्याने व गरम पाण्याने काढून गिलाव्यापर्यंत यावे. वाळूचा मारा कदापि करू नये. गिलावा सिमेंटचा झालेला असेल व तो सोडविणे शक्य नसेल, तर पोटॅशियम सिलिकेटचे रंग हा एक मार्ग आहे. १८७८ साली जर्मनीत कीम यांनी विकसित केलेला हा प्रकार खनिज पृष्ठभागाशी एकजीव होतो व वाफ आत कोंडत नाही. तो महाग आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

काम पाऊस थांबल्यावर लगेच काढू नये. भिंत वाळण्यास तीन-चार आठवडे द्यावे. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम. भिजवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला; तो कापडातून गाळून दुधाइतका पातळ करावा. भुकटी आधी वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात कालवून मग चुन्यात मिसळावी, आणि पुऱ्या बाल्कांवाला लागेल तेवढे मिश्रण एकाच वेळी करावे. दुसऱ्या खेपेची छटा पहिलीशी कधीच जुळत नाही. भिंतीवर पाणी शिंपडून, ती ओलसर असताना, सावलीच्या वेळी किमान तीन पातळ हात द्यावेत व दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. उन्हात भराभर वाळलेला चुना भुकटीसारखा झडतो. चिकटपणासाठी थोडा सरस चालतो. कारागीर हल्ली चुन्यात प्लॅस्टिक रंग ओततात, त्यास मात्र स्पष्ट नकार द्यावा, नाही तर वरील सारा खटाटोप व्यर्थ जातो. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते, तेव्हा रंगाऱ्यास चष्मा द्यावा.

काम संपल्यावर कोणती भुकटी, किती चुन्यात किती, कोणत्या महिन्यात, हे कागदावर लिहून तो कागद दाराच्या मागील बाजूस किंवा घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. उरलेली कोरडी भुकटी बरणीत बंद करून माळ्यावर ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते. पुढच्या खेपेस घरी कोणीही असो, छटा त्याच बरणीतून निघेल.